शब्दाची मालकी कोणाची?

(१)

अधिकार आणि कर्तव्य हीं जुळीं भावंडें आहेत, असें आम्ही प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों आहों. वाक्य गुळगुळीत आहे. परीक्षेंत तें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुणही मिळतात. परंतु एखादें वाक्य फार दिवस तोंडांत घोळलें म्हणजे त्याची चव नाहींशी होते, आणि आपण तें समजून बोलतों कीं संवयीनें बोलतों, हें आपलें आपल्यासच कळेनासें होतें. मीं हें वाक्य पुष्कळ वर्षें शिकविलें. त्याचा अर्थ मात्र मला २०१८ सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशीं, आणि तोही स्वतःच्या चुकीमुळें कळला. ती चूक सांगण्यास संकोच वाटतो. पण ज्या विषयावर लिहावयाचें त्यांतील एक आरोपी लेखक स्वतःच असेल, तर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. म्हणून ती आरंभींच सांगून टाकतों.

जून महिन्यांतील एक सायंकाळ होती. पाऊस पडूं पडूं करीत होता. आमच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. नाशिक, सिन्नर, पुणें, डोंबिवली येथपासून थेट परदेशापर्यंत पांगलेलीं तीस-चाळीस माणसें त्यांत आहेत. सणावारीं शुभेच्छा, एकमेकांच्या प्रकृतीची विचारपूस, क्वचित् राजकारणावरून थोडी खडाजंगी, असा त्याचा सामान्य क्रम. त्या सायंकाळीं दुसऱ्या कोठून तरी माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. आपल्या भागांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या शिरल्या आहेत. त्या भिकाऱ्यांच्या आणि गोसाव्यांच्या वेषांत हिंडतात. मुलांना सांभाळा आणि हा मजकूर सर्वांना कळवा, असा त्याचा आशय होता.

त्या मजकुरांत गांवाचें नांव नव्हतें, तारीख नव्हती, कोणत्याही पोलीस ठाण्याचा उल्लेख नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधांत असें विधान आलें असतें, तर मीं समासांत लाल शाईनें 'आधार काय?' असें खचित लिहिलें असतें. पण निबंध तपासणारा हात निराळा आणि मोबाइल धरणारा हात निराळा, असा कांहीं प्रकार झाला. थोरल्या बहिणीची नात तेव्हां तीन वर्षांची होती, ती डोळ्यांपुढें आली. 'खरें-खोटें देव जाणे, पण काळजी घेतलेली बरी,' एवढी ओळ वर लिहून मीं तो संदेश गटावर पाठवून दिला. ताईचें लगेच उत्तर आलें, 'बरें केलेंस कळवलेंस. आमच्या सोसायटीच्या गटावरही टाकतें.' आपण एक कौटुंबिक कर्तव्य पार पाडलें अशा समाधानांत मी चहा घेतला.

(२)

रविवार, १ जुलै २०१८. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत, पिंपळनेरच्या परिसरांत, राईनपाडा नांवाचें एक आदिवासी वस्तीचें गांव आहे. नाशिकहून सटाणा-ताहराबादच्या रस्त्यानें निघालें तर कांहीं तासांत तेथें पोहोंचतां येतें. त्या दिवशीं तेथें आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष भिक्षेसाठीं तेथें आले होते. डवर वाजवून नाथांचीं गाणीं गात दारोदार फिरणें हा या भटक्या जमातीचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय. यांतील बहुतेक मंगळवेढें तालुक्याकडचे. दामाजी आणि चोखोबा यांच्या नांवानें महाराष्ट्र ज्या भूमीला ओळखतो तेथले. हे मुलें पळविणारे आहेत असा कोणाला तरी संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून इतकें मारलें कीं पांचही जण तेथेंच गतप्राण झाले. मारहाण होत असतांना कित्येक हात मारीत होते आणि कित्येक हात मोबाइलवर चित्रण करीत होते. ज्या मार्गानें अफवा त्या गांवांत आली, त्याच मार्गानें त्या मृत्यूचीं चित्रें गांवाबाहेर घरोघर गेलीं.

त्याच दिवशीं रात्रीं आमच्या नाशिक जिल्ह्यांतच, मालेगांवीं, असाच एक जमाव जमला होता. परगांवाहून आलेलीं पांच माणसें त्याच संशयानें घेरलीं गेलीं. त्यांत दोन वर्षांचें एक मूल होतें. येथें मात्र एका रहिवाशानें त्यांना आपल्या घरांत घेतलें, बाहेर जमाव वाढत असतांना पोलीस येऊन पोहोंचले, आणि तें कुटुंब जिवंत राहिलें. एकाच दिवशीं, एकाच अफवेच्या छायेंत, दोन गांवीं असे दोन निराळे शेवट झाले. त्या घराच्या दाराकडे मला या लेखाच्या शेवटीं पुनः यावयाचें आहे.

त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीचा इतिहास येथें सांगण्यासारखा आहे. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून मोटारसायकलवरील दोन इसम एका मुलाला उचलून नेतात, असें तींत दिसत होतें. ही चित्रफीत वस्तुतः कराचींतील एका लोकसेवी संस्थेनें पालकांना सावध करण्यासाठीं तयार केलेली होती. मूळ चित्रफितींत ते इसम मुलाला परत आणून सोडतात आणि मुलें किती सहज पळविलीं जातात याची जाणीव देणारा फलक दाखवितात. कोणीं तरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेलें सोडून दिलें. एवढ्यानें जनजागृतीचें साधन जनक्षोभाचें साधन झालें.

हें वाचतांना भारतीय युद्धांतील अश्वत्थाम्याची कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. मेला तो हत्ती, हा खुलासा धर्मराजानें केला होता. पण तो वाक्याच्या शेवटीं आणि हलक्या आवाजांत. कीर्तनकार सांगतात त्याप्रमाणें तो शंखध्वनींत बुडून गेला. द्रोणानें ऐकलें तें अर्धेंच, आणि त्या अर्ध्यानेंच त्याचा घात झाला. भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या दिवसापासून इतरांच्या रथांप्रमाणें जमिनीवर आला, असें कथा सांगते. येथें शिक्षा खोट्याला नव्हे, तर शेवट कापलेल्या खऱ्याला झाली आहे. आपल्याकडे ही कथा पाळण्यांतल्या मुलाला ठाऊक आहे. तरीही शेवट कापलेलीं वाक्यें आपण दिवसाकाठीं किती ऐकतों आणि किती पुढें ढकलतों, याची मोजदाद कोणीच ठेवीत नाहीं.

(३)

आतां कोणी म्हणेल, 'प्राध्यापकमहाशय, आपण फार मनाला लावून घेतां. तो मजकूर आपण लिहिला नाहीं. चित्रफीत आपण कापली नाहीं. आपण केवळ आलेलें पुढें पाठविलें. टपालवाल्यानें पत्रांतील मजकुराबद्दल जबाबदार कां व्हावें?' हा आक्षेप सरळ आहे आणि बहुतेक सर्वांच्या मनांत तो असतोच. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

टपालवाल्याची उपमा येथें लागू पडत नाहीं. टपालवाला पत्र फोडीत नाहीं, वाचीत नाहीं, आणि तें कोणाला द्यावयाचें हें तो ठरवीत नाहीं. मीं संदेश वाचला. चाळीस माणसें निवडलीं. वर स्वतःची ओळ जोडली. ताईनें तो पुढें नेला तो मजकूर पटला म्हणून नव्हे. तो माझ्याकडून आला म्हणून. माझें वय, माझा पेशा, घरांतील माझें स्थान, हें सारें मीं त्या निनांवी कागदावर नकळत तारण म्हणून ठेविलें होतें. ज्याला संपादक म्हणतात तो याहून निराळें काय करतो? अमुक मजकूर वाचण्याजोगा आहे, अमुक लोकांनीं तो वाचावा, आणि माझ्या शब्दावर वाचावा, हेंच तो सांगतो. इंटरनेटनें आपल्यापैकीं प्रत्येकाच्या हातीं एक छापखाना दिला असें म्हणतात. तें खरें आहे. पण संपादकाची खुर्चीही दिली आहे, आणि तींत बसलेल्या बहुतेकांना आपण बसलों आहों हें ठाऊक नाहीं.

छापलेल्या शब्दाला मालक असावा हें आपल्या देशांत फार पूर्वीं ठरलें. १८६७ च्या कायद्यानें पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव छापणें आवश्यक केलें. परक्या सरकारचा त्यांतील हेतु नजर ठेवण्याचा होता हें उघड आहे. परंतु त्या नियमाच्या सावलींत मराठी वृत्तपत्रसृष्टीनें जो बाणा दाखविला तो सरकारचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. आमच्या नाशकांतील बाबाराव सावरकरांना १९०९ सालीं जन्मठेप काळ्यापाण्याची शिक्षा झाली ती कविता प्रसिद्ध केल्याबद्दल. ती शिक्षा न्याय्य होती असें कोणी म्हणणार नाहीं. पण 'मी केवळ छापून पुढें दिल्या' ही सबब त्या पिढीच्या डोक्यांतही आली नसती.

याहूनही बोधप्रद गोष्ट १८८२ सालची आहे. 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें तेव्हां नुकतींच निघालीं होतीं. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत आहे आणि त्याला तेथील दिवाण माधवराव बर्वे कारण आहेत, असें दाखविणारीं कांहीं पत्रें आगरकर व टिळक यांच्या हातीं आलीं. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, अंतःकरण तापलेलें, पत्रें खरीं मानून त्यांनीं प्रसिद्ध केलीं. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद लाविली, आणि तीं पत्रें बनावट ठरलीं. दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं एकशें एक दिवस त्यांनीं मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत काढले. आगरकरांनीं त्यावर पुढें पुस्तकच लिहिलें.

आपण या प्रसंगाकडे सहसा देशभक्तांचा पहिला तुरुंगवास म्हणून पाहतों, आणि तें योग्यच आहे. पण आजच्या प्रश्नाच्या दृष्टीनें त्यांत दुसरेंही कांहीं आहे. महाराष्ट्रांतील दोन अत्यंत तल्लख बुद्धीचे पुरुष खोट्या कागदाला फसले; कारण तो कागद त्यांना जें खरें असावें असें वाटत होतें तेंच सांगत होता. म्हणजे फसण्याला अडाणीपणा लागत नाहीं. आधींच बसलेली समजूत आणि थोडा उतावळेपणा पुरतो. आणि पत्रें खोटीं ठरतांच त्यांनीं न्यायालयांत दिलगिरी व्यक्त केली व शिक्षा भोगली. चूक झाली ती नांवानिशीं झाली. म्हणूनच ती दुरुस्त होऊं शकली. बिननांवाची चूक दुरुस्त कोणीं करावयाची?

(४)

माझ्या पेशाला अनुसरून आतां दोन पाश्चात्य विचारवंतांची साक्ष काढतों. मिल्लनें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत धान्याच्या व्यापाऱ्याचें एक उदाहरण घेतलें आहे. व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हें मत छापून प्रसिद्ध झालें तर त्याला कोणी हात लावूं नये. पण तेंच मत व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या क्षुब्ध जमावाला ऐकविलें तर शिक्षा योग्य ठरेल, असा त्याचा आशय. आगरकरांची पिढी या ग्रंथावर वाढली. मिल्लच्या काळीं छापील कागद आणि घरापुढील जमाव हीं दोन निराळीं ठिकाणें होतीं. मध्यें अंतर होतें आणि वेळ होता. वाचणारा खुर्चींत बसून वाचीत असे. आज तें अंतर नाहींसें झालें आहे. मीं माझ्या ओसरींत बसून पाठविलेला मजकूर दुसऱ्या क्षणीं बाजारांतल्या माणसाच्या हातांत असूं शकतो. माझें छापणें आणि त्या जमावांत उभें राहून बोलणें यांतील सीमारेषा मला दिसत नाहीं. मिल्लचा नियम आजही खरा आहे. फरक एवढाच कीं आपण कोठें उभे आहों हें आतां आपलें आपल्याला कळत नाहीं.

दुसरा क्लिफर्ड. १८७७ सालच्या एका निबंधांत त्यानें एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुनें, डागडुजीस आलेलें. मालकाच्या मनांत शंका येते. पण तो ती दाबतो, आजवर तरलें तें याही वेळीं तरेल अशी स्वतःची समजूत घालतो आणि उतारूंनीं भरलेलें जहाज सोडतो. जहाज बुडालें तर तो दोषी, हें सर्वच म्हणतील. पण क्लिफर्ड पुढें विचारतो, जहाज सुखरूप पोहोंचलें असतें तर? आणि उत्तर देतो, तरीही तो तितकाच दोषी; कारण दोष परिणामांत नाहीं, पुरावा नसतां विश्वास ठेवण्यांत आहे.

राईनपाड्याची बातमी वाचल्यावर कित्येक रात्रीं मी मनाशीं एकच हिशेब करीत होतों. माझा संदेश ताईकडे गेला, तेथून सोसायटींत गेला. तेथून कोठें गेला? साक्रीपर्यंत तो जाणें शक्य आहे काय? बहुधा नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालीत असें. क्लिफर्डनें माझा तो दिलासा हिरावून घेतला. माझें जहाज कोणत्या बंदराला लागलें याच्याशीं माझ्या दोषाचा संबंधच नाहीं. 'खरें-खोटें देव जाणे' ही ओळ मींच लिहिली होती. म्हणजे मला शंका होती, हें मींच लिहून दिलें होतें. ती ओळ मी सावधगिरीची समजत होतों. वस्तुतः ती कबुलीजबाबाची होती.

'पण समजा, बातमी खरी असती तर एखादें मूल वांचलें असतें ना?' हा प्रश्न ताईनेंच मला पुढें विचारला, आणि आईच्या काळजानें विचारलेल्या प्रश्नाला तुच्छतेनें उत्तर देतां येत नाहीं. माझें उत्तर असें आहे. आपण काळजी म्हणून पुढें पाठवितों तेव्हां आपल्याला वाटतें कीं या सावधगिरीला किंमत पडत नाहीं. खरें असेल तर लाभ, खोटें असेल तर तोटा नाहीं. पण किंमत पडतच असते. ती आपण देत नाहीं इतकेंच. ती परका देतो. भिक्षेकरी, फिरस्ता, वेडसर, परभाषक, ज्याला आपल्या गटांत येऊन 'मी तसा नाहीं' असें सांगण्याची सोय नाहीं, तो देतो. ज्याच्याविषयीं आपण बोलतों त्याला उत्तर द्यावयास जागा नाहीं, अशा ठिकाणीं बोलण्यापूर्वीं आपली जबाबदारी दुप्पट होते. आणि भीति खरीच असेल तर तिला जाण्यास वाट आहे. जवळचें पोलीस ठाणें आहे, ११२ हा क्रमांक आहे, मुलांसाठीं १०९८ आहे. तेथें विचारणारा आपलें नांव विचारतो. पुष्कळांना तेवढेंच नको असतें.

(५)

मग सरकारनें कडक कायदा करून हें थांबवावें, असें सहज मनांत येतें. परंतु तोही प्रयोग आपण करून पाहिला आहे, आणि तोही महाराष्ट्रांतच. नोव्हेंबर २०१२ मध्यें शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यविधीच्या दिवशीं मुंबई बंद राहिली. पालघर येथील एका तरुण मुलीनें त्या बंदविषयीं आपलें मत फेसबुकवर लिहिलें. तिच्या मैत्रिणीनें त्याला पसंती दर्शविली. त्यांत शिवीगाळ नव्हती, चिथावणी नव्हती; बंद आदरापोटीं होता कीं भीतीपोटीं, एवढाच प्रश्न होता. दोघींना अटक झाली, आणि एकीच्या आप्ताच्या दवाखान्याची मोडतोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६-अ तेव्हां अस्तित्वांत होतें. त्रासदायक वा गैरसोयीचा मजकूर पाठविल्यास तीन वर्षेंपर्यंत कैद, असें तें सांगत होतें. पुढें तो खटला बंद झाला. आणि २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तें कलमच घटनाबाह्य म्हणून रद्द केलें. चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयानें वेगळ्या दाखविल्या. पहिल्या दोन, ऐकणाऱ्याला कितीही झोंबल्या तरी, स्वातंत्र्याच्या आंत आहेत; तिसरीवर आल्यावरच कायद्याचा हात पोहोंचूं शकतो.

पालघर आणि राईनपाडा हीं दोन नांवें मी मुद्दाम शेजारीं शेजारीं ठेवतों. पालघरच्या मुलीनें स्वतःचें मत, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नांवानें लिहिलें. आणि नांव होतें म्हणून कायदा तिच्या दारीं एका दिवसांत पोहोंचला. राईनपाड्यांत पोहोंचलेल्या अफवेला नांवच नव्हतें. ज्यानें शब्दाची मालकी पत्करली त्याला शिक्षा, आणि ज्या हजारोंनीं ती झटकली ते निश्चिंत, असा हा उलटा न्याय. याचा अर्थ नांव लावूं नये असा नव्हे. व्यापक आणि धूसर शब्दांचा कायदा जबाबदारी निर्माण करीत नाहीं. तो केवळ धैर्याला दंड करतो, एवढाच याचा अर्थ.

कायद्याची मर्यादा आणखीही एक आहे. अफवा 'करणारा', 'प्रसिद्ध करणारा' आणि 'प्रसृत करणारा' या तिघांना आपला दंडविधान एकाच ओळींत उभा करतो. जुन्या संहितेंत हें होतें आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमांतही आहे. पण तेथें त्या कृत्यामागील हेतूचा किंवा त्याच्या संभाव्य परिणामाचा विचार होतो. आणि तसा तो व्हावाच, नाहीं तर अर्धा महाराष्ट्र तुरुंगांत जाईल. ताईचा हेतु काय होता? नातीचें रक्षण. कायदा तिला स्पर्श करूं शकत नाहीं, करूंही नये. जेथें कायद्याचें राज्य संपतें तेथें नीतीचें सुरू होतें, हें वाक्यही मीं वर्गांत पुष्कळदां उच्चारलेलें आहे.

कंपन्यांनींही आपल्यापरी उपाय केले. त्या जुलै महिन्यांतच व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये असें ठरविलें. जानेवारी २०१९ मध्यें ही मर्यादा जगभर लागू झाली. आणि एप्रिल २०२० मध्यें फार फिरलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं जाईल अशी व्यवस्था झाली. सरकारनें फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत, मागणी झाल्यास संदेशाचा पहिला कर्ता कोण हें कंपनीनें दाखवावें असें सांगितलें, आणि कंपनीनें दिल्ली उच्च न्यायालयांत त्याला आव्हान दिलें. पहिला कर्ता शोधण्यासाठीं प्रत्येकाच्या पत्रावर खूण करावी लागेल, मग खासगीपणाचें काय, हा प्रश्न खोटा नाहीं. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असें नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालीं एकमतानें सांगितलेलें आहे.

हा वाद कोणाच्याही बाजूनें सुटो. त्यांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. आपला अधिकार हा सद्वर्तनाबद्दल मिळालेलें बक्षीस नव्हे. बेजबाबदार माणसालाही बोलण्याचा हक्क आहे. सरकारनें 'आधीं नीट वागा, मग हक्क मागा' असें म्हणूं नये. परंतु आपण आपल्या शब्दांची मालकी जितकी झटकतों, तितकी ती दुसरा कोणी घेतो. कधीं कंपनी आपल्या हाताला पांचांची गांठ मारते, कधीं सरकार पत्र उघडण्याची किल्ली मागतें. आणि मध्यंतरीं १६ एप्रिल २०२० रोजीं, त्याच पालघर जिल्ह्यांत, गडचिंचले येथें दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणांत जमावाच्या हातून मारले जातात. पांचांची मर्यादा होती, सर्वोच्च न्यायालयाचे १७ जुलै २०१८ चे जमावबळीविषयक आदेश होते. बोटांवरचा ताबा मात्र आपला आपणच ठेवावयाचा होता.

(६)

तेव्हां इंटरनेट वापरणाऱ्याची जबाबदारी म्हणजे काय, हें मला जसें समजलें तसें थोडक्यांत सांगतों. प्रत्येकानें प्रत्येक बातमीची शहानिशा करावी, असें मी म्हणत नाहीं. तें कोणालाच शक्य नाहीं. शहानिशा न करतां गप्प बसणें मात्र सर्वांना शक्य आहे, आणि त्याला पैसा, विद्या किंवा वेळ लागत नाहीं. जें मी माझ्या नांवानें, माझ्या शब्दांत, ज्याच्याविषयीं आहे त्याच्या तोंडावर बोलूं शकणार नाहीं, तें मीं पुढें पाठवूं नये. पाठविलें तर तें माझें झालें. आणि चुकलें तर ज्या ठिकाणीं चूक केली त्याच ठिकाणीं, तितक्याच मोठ्यानें, ती कबूल करावी.

हें शेवटचें सर्वांत कठीण. मीं ३ जुलैला गटावर लिहिलें, 'गेल्या महिन्यांत मीं पाठविलेला मजकूर निराधार होता. मीं खात्री केली नव्हती. चूक माझी आहे. ज्यांनीं तो पुढें पाठविला असेल त्यांनीं कृपा करून हेंही पुढें पाठवावें.' दिवसभर कोणी उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका भाच्यानें फुलांचें चित्र आणि सुप्रभात पाठविलें, आणि गट पुनः पूर्ववत् वाहूं लागला. रात्रीं ताईचा फोन आला. "अरे, मीं ज्यांना ज्यांना पाठवलें त्यांना आतां काय सांगूं? लाज वाटते रे." मी म्हणालों, "ताई, मलाही वाटली. तेंच सांगावयाचें." ती थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "बरें. लिहितें." आणि तिनें लिहिलें. अधिकार व कर्तव्य यांवरील माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षां तिचें तें एक वाक्य मला मोठें वाटतें.

आमच्या गल्लींत दरवर्षीं डवर वाजवीत एक गोसावी येत असे. त्या वर्षीं तो आला नाहीं. पुढच्या वर्षीं दुसराच एक म्हातारा आला. दारांत उभा राहिला. पण गाणें म्हणण्यापूर्वीं, झोळी पुढें करण्यापूर्वीं, त्यानें खिशांतून प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेलें आधार कार्ड काढलें आणि माझ्यापुढें धरलें. "बघा साहेब, माझें नांव, माझें गांव." मी कांहीं विचारलें नव्हतें. विचारण्याच्या आधींच उत्तर देण्याची संवय त्याला आतां लागली होती.

त्या क्षणीं मला मालेगांवचें तें घर आठवलें. त्या घरच्या माणसानें दारांतल्या परक्यांना आंत घेतलें आणि बाहेरच्या अफवेला दाराबाहेर ठेविलें. मीं माझ्या ओसरींत बसून नेमकें उलटें केलें होतें. माझ्या मोबाइलवर आलेल्या परक्या शब्दाला मीं नांव, गांव, तारीख कांहीं एक न विचारतां घरांत घेतलें, आणि दारांतल्या या माणसावर मात्र त्याचा दाखला दाखविण्याची पाळी आणली. मीं त्याला कार्ड खिशांत ठेवावयास सांगितलें आणि गाणें म्हणा म्हटलें. तो म्हणाला. पण कार्ड परत पिशवींत घालतांना त्याचे हात किती संवयीनें चालले, तें मी अजून विसरलों नाहीं.